मुंबईची लेक हार्टलपूलच्या बंदरात

आमचे कुपवाड हे समुद्राचे गाव नव्हे. एका अंगास मिरजेचे रेल्वे जंक्शन, दुसऱ्या अंगास सांगली आणि मध्ये औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे भोंगे, असा आमचा परिसर. श्रावणात कृष्णामाई पात्राबाहेर आली म्हणजे सांगलीकडील मंडळींस नावेत बसण्याचा प्रसंग येतो. तेवढाच काय तो इकडील लोकांचा नौकानयनाशी संबंध. समुद्र पाहावयाचा तर घाट उतरून रत्नागिरीस जावे लागते, आणि तेथे गेलेला आमच्याकडील मनुष्य बहुधा आंब्याची पेटी व सोलांची पुडी घेऊन परत येतो. जहाजाकडे त्याचे लक्ष जात नाही. अशा गावी ज्याने छत्तीस वर्षे मुलांस इतिहास व संस्कृत शिकविले, त्या म्हाताऱ्या मास्तराने एका लढाऊ जहाजाविषयी लिहावयास बसावे, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु त्या जहाजाशी आमचा एक जुना हिशेब होता. तो असा.

इयत्ता आठवीस मराठेशाहीच्या शेवटाचा धडा शिकविताना आम्ही दरवर्षी एक वाक्य ठरल्याप्रमाणे सांगत असू. "इंग्रजांस जहाजे बांधता येत होती, आपणांस ती विद्या नव्हती, म्हणून ते सात समुद्र ओलांडून येथे आले आणि आपण आपल्याच दारात हरलो." वाक्य गोळीबंद होते आणि मुले ते पाठ करीत. एके वर्षी आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव त्याच वर्गात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळच्या मंडळींबरोबर ते विजयदुर्ग पाहून आलेले. त्यांनी हात वर केला आणि विचारले, "सर, मग आंग्र्यांची जहाजे कोणी बांधली?" उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. घरच्या मुलापुढे ते कबूल करणे अधिकच जड गेले. "हा प्रश्न परीक्षेस नाही," असे म्हणून आम्ही त्यांस तास संपेपर्यंत बाकावर उभे केले. घरी आल्यावर त्यांनी तक्रार केली नाही, आणि आम्हीही तो विषय पुन्हा काढला नाही.

तेच चिरंजीव आता इंग्लंडच्या ईशान्य भागात, टीस नदीकाठच्या मिडल्सब्रो गावी एका कारखान्यात अभियंता आहेत. गेल्या वर्षी त्यांनी आम्हां उभयतांस आग्रहाने बोलावून घेतले. विमानप्रवासाचे वर्णन करून आम्ही जागा अडवीत नाही. आजकाल प्रत्येक घरातून कोणी ना कोणी जाऊन आलेलेच असते. मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात चिरंजीव म्हणाले, "अण्णा, उद्या तुम्हांला मुंबईची एक म्हातारी दाखवायला नेतो. वय दोनशेच्या वर आहे." आम्हांस वाटले, एखाद्या पारशी कुटुंबाचे जुने तैलचित्र असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिडल्सब्रोहून आगगाडीत बसलो. थॉर्नबी, स्टॉक्टन, बिलिंगहॅम अशी स्टेशने मागे टाकीत गाडी अर्ध्या तासात समुद्रकाठी येते. मे महिन्याचा शेवट होता, तरी उत्तर समुद्रावरील वारा कानांत शिरत होता आणि आम्ही कानटोपी घातली होती. सूनबाईंनी डब्यात थालीपिठे दिली होती. हार्टलपूल हे गाव एके काळी जहाजे बांधण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यातील ग्रे यांचा मोठा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी बंद पडला. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या आणि त्यात शंभराहून अधिक माणसे मेली. नेपोलियनच्या युद्धकाळातील एक आख्यायिकाही येथील लोक सांगतात: एका फुटलेल्या फ्रेंच जहाजातून एक माकड किनाऱ्यास लागले; गावकऱ्यांनी पूर्वी फ्रेंच मनुष्य पाहिला नव्हता, म्हणून ते माकडच शत्रूचा हेर समजून त्यांनी त्यास फासावर दिले. शेजारचे गाव आजही यावरून त्यांस चिडविते. आपल्याकडेही गावागावांस अशी टोपणनावे व गोष्टी आहेतच.

स्टेशनापासून चालत थोडे अंतर गेल्यावर घरांच्या वर तीन डोलकाठ्या दिसू लागल्या. जुन्या बंदराच्या गोदीत, भोवती शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची दुकाने उभारून, मध्ये पाण्यावर ते जहाज ठेवले आहे. काळ्या अंगावर पांढरा पट्टा, आणि पट्ट्यात तोफांच्या खिडक्या. नाळेवर, जेथे इंग्रजी जहाजांस बहुधा राजाची किंवा देवतेची मूर्ती असते, तेथे पागोटे घातलेल्या मिशाळ पुरुषाचा अर्धपुतळा आहे. सातासमुद्रापलीकडे, त्या करड्या आभाळाखाली ते पागोटे पाहून आमच्या कुटुंबाने आपण होऊन पदर सावरला. जहाजाचे नाव 'ट्रिंकोमाली'. श्रीलंकेतील बंदराचे हे नाव. त्या बंदरासमोर १७८२ साली इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती, तिची आठवण म्हणून दिलेले. जहाज मात्र मुंबईचे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ते पाण्यात उतरले.

ही तारीख फलकावर वाचताच आमचे पाय थबकले. शके १७३९ च्या नवरात्राचे ते दिवस. दसरा आठवड्यावर आलेला. पुण्यात त्या वेळी बाजीरावसाहेब व रेसिडेंट एल्फिन्स्टन यांच्यात विस्तव जात नव्हता. तेथून चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरास, खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरास शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. हे दिवस आम्ही छत्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याच महिन्यात घाटाखाली मुंबईस देशी सुतारांनी साऱ्या जगाच्या समुद्रांवर फिरेल असे लढाऊ जहाज सिद्ध करून इंग्रजांच्या हाती दिले, हे आमच्या फळ्यावर कधी आले नाही.

ट्रिंकोमाली ही फ्रिगेट जातीची नौका. फ्रिगेट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या काळच्या मोठ्या युद्धनौकांत तोफांचे दोन किंवा तीन मजले असत. त्या रांग धरून समोरासमोर लढत, आणि चालीस मंद असत. फ्रिगेटीत मुख्य तोफांचा एकच सलग मजला. त्याच्या वर पुढे व मागे अर्धवट तक्तपोशी, तेथे आखूड तोफा. आणि खाली पाण्याच्या पातळीजवळ तोफाविरहित मजला, तेथे खलाशांचे जेवणखाण व झोपणे. तोफा पाण्यापासून उंच असल्याने खवळलेल्या समुद्रातही खिडक्या उघडता येत, आणि अंग लांबट असल्याने शिडांचा जोर पुरा मिळे. बलाढ्य शत्रू दिसला तर वेगाने निसटावे, दुबळा दिसला तर गाठावे, एरवी आरमाराच्या पुढे राहून हेरगिरी करावी, असे तिचे काम. ट्रिंकोमालीच्या तोफमजल्याची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट. मूळ योजनेप्रमाणे ४६ तोफा, त्यांपैकी मुख्य मजल्यावरील २८ तोफा १८ पौंडी, म्हणजे सुमारे आठ किलोचा लोखंडी गोळा फेकणाऱ्या. माणसे तीनशेच्या वर.

मौजेची गोष्ट ही की हा आराखडा मूळचा इंग्रजांचा नव्हेच. साने नावाच्या फ्रेंच नौकाशिल्पकाराने आखलेली 'हेबे' ही फ्रिगेट इंग्रजांनी १७८२ साली पकडली, तिची मापे घेतली आणि त्यावरून 'लेडा' वर्गाच्या चाळिसांहून अधिक नौका बांधल्या. साने हे आडनाव वाचून आम्हांस क्षणभर कोकणातील आमच्या सोयऱ्यांची आठवण झाली. पण ते गृहस्थ ब्रेस्टचे. शत्रूची विद्या पकडून आणून तिचा कित्ता गिरविण्यात इंग्रजास कमीपणा वाटला नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नकाशांची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभेल. मुंबईस बांधावयाच्या या नौकेचे नकाशे १८१२ साली 'जावा' नामक जहाजातून निघाले. त्याच जहाजात मुंबई प्रांतातील नव्या कामगिरीवर निघालेले जनरल हिस्लॉप होते. ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर २९ डिसेंबर १८१२ रोजी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' फ्रिगेटीने जावास गाठले, हरविले आणि जाळून टाकले. नकाशे गेले, हिस्लॉपसाहेब कैदी होऊन वचनावर सुटले. दुसरी प्रत मुंबईस पोचून प्रत्यक्ष कामास १८१६ साल उजाडले. हिस्लॉपसाहेब पुढे मद्रासकडून आले आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा त्यांनीच मोड केला. हे नाव आम्ही वर्गात शेकडो वेळा उच्चारले असेल. पण या गृहस्थास वाटेत ब्राझीलपाशी एकदा पकडले होते, हे आम्हांस हार्टलपूलास कळले. ती कॉन्स्टिट्यूशन नौका अद्याप बॉस्टनच्या बंदरात तरंगत आहे. जिच्यामुळे नकाशे बुडाले ती, आणि नव्या नकाशांवरून घडली ती, अशा दोघीही आजतागायत पाण्यावर आहेत.

आता लाकडाकडे वळतो. कारण या साऱ्या प्रकरणाचा कणा लाकूड आहे. इंग्लंडात जहाजे ओक वृक्षाची करीत. नेपोलियनशी झालेल्या दीर्घ युद्धात ओकची राने विरळ झाली, तेव्हा इंग्रजी आरमाराने मुंबईकडे व मलबारी सागवानाकडे दृष्टी वळविली. ओकच्या लाकडात आम्ल असते. ते लोखंडी खिळे खाते, आणि खिळा गंजला की भोवतीचे लाकूड कुजते. सागात तेल असते. त्यात खिळा जपला जातो, वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत-आकसत नाही. आमच्या माजघरातील झोपाळा आजोबांच्या वेळचा आहे. त्याच्या कड्या दोनदा बदलल्या, पाट तसाच आहे. संस्कृतात या वृक्षास शाक म्हणतात आणि त्यावरूनच आपला साग. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात लाकडाचेही चार वर्ण कल्पिले असून हलके पण कठीण अशा क्षत्रिय जातीच्या लाकडाची नौका सुखसंपत्ती देते असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील चुंबकीय खडक तिला ओढून घेतील, असाही इशारा आहे. तरुणपणी आम्ही पहिले वचन अभिमानाने सांगत असू व दुसरे गाळीत असू. वाडियांच्या सुतारांनी लोखंड सढळ हाताने वापरले, आणि कोणत्याही खडकाने ओढले नाही.

हे वाडिये कोण? लवजी नसरवानजी हे सुरतेचे पारशी सुतार १७३६ च्या सुमारास कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. १७५० मध्ये तेथे कोरडी गोदी झाली. पुढे सुमारे दीडशे वर्षे त्याच घराण्यातील पुरुष मुंबईच्या गोदीचे मुख्य बांधकामगार होते. ट्रिंकोमाली घडविणारे जमशेटजी बमनजी हे लवजींचे नातू. त्यांनी १८१० साली 'मिंडेन' बांधले. ब्रिटनबाहेर बांधलेले इंग्रजी आरमाराचे ते पहिलेच मोठे रांगेचे जहाज. १८१३ साली 'कॉर्नवॉलिस' बांधले, ज्यावर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. म्हणजे मुंबईच्या सागवानाने चीनचाही मानभंग केला. या इतिहासातील अभिमान निर्भेळ ठेवू म्हटले तर तो राहत नाही. ट्रिंकोमालीचा तळकणा बसविताना पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. आपल्याकडे घराच्या पायात पंचरत्नी घालतात, तसेच ते. खर्च आला सुमारे तेवीस हजार पौंड.

शिडीवरून आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तेथील वृद्ध मार्गदर्शकाने आमचा वर्ण व धोतर पाहून आपण होऊन विचारले, "मुंबईहून आलात काय?" चिरंजीवांनी कुपवाड कोठे आहे ते समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. त्यात त्या प्रांताची बोली गाण्यासारखी हेल काढून चालणारी, तेव्हा चिरंजीव दुभाषी झाले. खालच्या मजल्यावर छत इतके बुटके की आम्हांस मान वाकवूनच चालावे लागले. तेथे लाकडी मेज टांगलेले. निजण्याचे झोळे माणशी हातभर रुंदीचे. तीनशे माणसे, बंद खिडक्या, ओले कपडे, खारवलेले मांस. आमच्या कुटुंबाने नाकास पदर लावला, जणू वास अद्याप गेलेला नाही. पिछाडीस कप्तानाची खोली मात्र प्रशस्त, खिडक्यांची रांग आणि लखलखीत मेज. विषमतेस समुद्रावरही सुट्टी नसते, असे आम्ही म्हणालो. चिरंजीवांनी ते मार्गदर्शकास सांगितले नाही.

तोफमजल्यावर मार्गदर्शकाने एका जुन्या फळीवर आमचा हात ठेवविला. बोटांस गुळगुळीत, थंड, किंचित तेलकट लागली. डोळे मिटले असते तर आमच्या झोपाळ्याचाच पाट वाटला असता. जीर्णोद्धारात पुष्कळ भाग नवा बसविला, तरी निम्म्याहून अधिक लाकूड १८१७ चेच आहे, असे तो म्हणाला. डंडी येथे याच आराखड्याची, १८२४ साली ओकमध्ये बांधलेली 'युनिकॉर्न' आहे. पण तिच्यावर आरंभीच छप्पर घालून तिला जपून ठेविले, शिडे लावून समुद्रावर ती कधी धाडलीच नाही. मुंबईची ही सागवानी बहीण मात्र वादळांतून फिरून आली, आणि आज ब्रिटनमध्ये तरंगणाऱ्या युद्धनौकांत ती सर्वांत जुनी आहे.

"अण्णा," चिरंजीव हसत म्हणाले, "मला बाकावर उभं केलं होतंत, ते आठवतं का? आंग्र्यांच्या जहाजांवरून?"

आम्हांस वाटत होते ते विसरले असतील. आम्ही म्हणालो, "आठवते. उत्तर माहीत नव्हते."

"मला ते तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. पंचवीस वर्षांत याविषयी आमच्यात झालेले बोलणे ते एवढेच.

पण उत्तर आता देणे प्राप्त आहे. आंग्र्यांची गुराबे व गलबते कोकणच्या सुतारांनीच बांधली. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये येथे खडकात खोदलेल्या त्यांच्या गोदीची जागा आजही दाखवितात. ते आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. समुद्रावरून तोफा डागणारे ॲडमिरल वॉटसन व किनाऱ्यावर क्लाइव्ह. आणि जमिनीच्या बाजूने तुळाजी आंग्र्यांस कोंडणारी फौज नानासाहेब पेशव्यांची. इंग्रजांस या कामी बोलावणारे आपणच होतो. तुळाजी उद्दाम होते, पेशव्यांस मानीत नव्हते, हे सारे खरे. परंतु घरातील भांडण मिटविण्यास शेजाऱ्याकडून आग आणविली आणि त्या आगीत आपलाच समुद्र गेला. साठ वर्षांनी मुंबईस ट्रिंकोमाली घडत होती तेव्हा पेशव्यांजवळ तिच्यासमोर उभे करावयास एकही तसे जहाज नव्हते. विद्या नव्हती असे नव्हे. विद्येस आश्रय देणारी धनी मंडळी दुसरी होती. पेशव्यांच्या नावाचा उच्चार ज्या घरांत आदराने होतो त्यांतलेच आमचेही घर. तरीही हे लिहिणे भाग आहे.

जहाजाचे पुढील आयुष्य ऐका. मुंबईहून निघून ती २४ जानेवारी १८१९ रोजी सेंट हेलेना बेटावर पोचली. नेपोलियन तेथे कैदेत होता. सहा दिवसांनी ती निघाली तेव्हा त्याची प्रकृती पाहिलेले स्टोको नावाचे डॉक्टर तिच्यावर होते. इकडे बाजीरावसाहेब आदल्या जूनमध्येच शरण येऊन ब्रह्मावर्ताच्या वाटेस लागले होते. ३० एप्रिलास ती पोर्टस्मथला लागली; पण युद्ध संपले होते, लढाऊ जहाजांस काम नव्हते. तिला डोलकाठ्या काढून बांधून ठेवली, ती १८४५ पर्यंत. लग्न करून आणावी आणि पंचवीस वर्षे परसात बसवावी, असाच प्रकार. मग तोफा कमी करून अधिक भारी बसविल्या, पिछाडीचा आकार बदलला आणि २६ तोफांची कॉर्व्हेट म्हणून १८४७ मध्ये तिला वेस्ट इंडिज व उत्तर अमेरिकेकडे धाडले. गुलामांचा चोरटा व्यापार अडविण्याचे कामही तिने केले, हे तिच्या पुण्याच्या बाजूस लिहावे.

१८५२ पासून ती पॅसिफिक महासागरात होती. क्रिमियाच्या युद्धाचे दिवस. पण मोठी आरमारी लढाई तिच्या वाट्यास आली नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका सामुद्रधुनीस आजही तिचे नाव आहे. त्याच किनाऱ्यावर, १८५६ साली, व्हँकूव्हर बेटाचे गव्हर्नर डग्लस शेकडो माणसे घेऊन तिच्यावरून कौविचन लोकांच्या प्रदेशात उतरले. एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून तेथील एका मूळ रहिवाशास पकडून, तेथेच पंच बसवून, फाशी दिले. मार्गदर्शकाने ही हकीकत आवाज उतरवून सांगितली. मलबारच्या रानातील झाड, मुंबईच्या सुताराचा हात, आणि त्याच्या धाकाखाली पृथ्वीच्या पलीकडच्या टोकास कोणी एक आपल्या भूमीत फासावर गेला. आम्ही फळीवरून हात काढून घेतला. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, ती इंग्लंडास परतली. मुंबईस ती पुन्हा कधीच आली नाही.

उरलेले वेगाने सांगतो. पुढे ती आरमाराच्या राखीव खलाशांची शाळा झाली. त्या काळात काही वर्षे याच हार्टलपूलास होती. १८९७ च्या मे महिन्यात आरमाराने तिला मोडीत विकली. योगायोग असा की पुढच्याच महिन्यात, एके काळी नेल्सनचे निशाण वागविलेली 'फूद्रॉयाँ' नावाची नौका ब्लॅकपूलपाशी वादळात फुटली. तिचे मालक व्हीटली कॉब यांस मुलांस दर्यावर्दी शिक्षण देण्यास दुसरी नौका हवी होती. त्यांनी ट्रिंकोमाली घेतली आणि तिला फुटलेल्या नौकेचेच नाव दिले. सवतीच्या नावाने ती जवळजवळ नव्वद वर्षे वावरली. १९८६ पर्यंत हजारो मुलेमुली तिच्यावर शिडे ओढावयास शिकली. १९८७ साली तिला हार्टलपूलास आणली. जहाजांचे कारखाने बंद पडल्यावर गावात जे कसबी हात रिकामे झाले होते त्यांस काम मिळाले, १९९२ मध्ये तिचे पहिले नाव तिला परत मिळाले आणि २००१ साली काम पुरे झाले.

सागवानाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. गोद्यांची भूक इतकी होती की मलबारची राने उघडी पडली. १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनली यांनी नीलांबूर येथे चाथू मेनन यांच्या हाताने सागाची लागवड करविली, ती त्यासाठीच. तेथील काही झाडे आजही उभी आहेत, असे म्हणतात. पुढील हिवाळ्यात प्रकृतीने साथ दिली तर ती पाहण्याचा आमचा विचार आहे.

निघण्यापूर्वी अभिप्रायाची वही पुढे आली. गावाच्या रकान्यात आम्ही देवनागरीत 'कुपवाड' लिहिले. वरच्या ओळींत लीड्स, ग्लासगो, ॲमस्टरडॅम अशी नावे होती. मार्गदर्शकाने ते अक्षर निरखून पाहिले आणि पागोटेवाल्याकडे बोट दाखवून, "याच्या गावचे काय?" असे विचारले. आम्ही मान हलविली. ती होकारार्थी की नकारार्थी, ते आमचे आम्हांसच कळले नाही. मग बंदरावरील बाकावर बसून थालीपिठे खाल्ली. समुद्रपक्षी इतके धीट की एकाने अर्धे थालीपीठ आमच्या हातातूनच नेले.

कुपवाडास परतल्यावर आम्ही आमच्या जुन्या शाळेत गेलो आणि विद्यमान शिक्षकांकडून आठवीचा एक तास मागून घेतला. फळ्यावर एका बाजूस विजयदुर्ग १७५६ आणि दुसऱ्या बाजूस मुंबई १८१७ लिहिले, आणि पहिल्यानेच सांगून टाकले की या वर्गात आम्ही पुष्कळ वर्षे एक गोष्ट चुकीची शिकविली आहे. मुले सावरून बसली. मास्तराची चूक ऐकण्यास कोणास आवडत नाही? तोफा किती, गोळा केवढा, झोळ्यातून मनुष्य पडतो की नाही, माकडास खरोखर फाशी दिले काय, असे प्रश्न इतके आले की घंटा झाली तेव्हा जहाज जेमतेम सेंट हेलेनापर्यंत पोचले होते. पुढील प्रवास येत्या शनिवारी सांगावयाचा ठरला आहे.